ज्येष्ठ नागरिक संघांना खुलं पत्र : म्हाताऱ्या कुत्र्यांच्या फॉर्मवर दुसरी सही तुमची हवी

प्रति,
महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या सगळ्या ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष, सेक्रेटरी आणि सभासद

काका, काकू, आजी, आजोबा, सगळ्यांना नमस्कार.

थेट विषयावर येते. शेल्टरमध्ये, म्हणजे टाकून दिलेल्या-जखमी कुत्र्यांच्या निवाऱ्यात, पडून राहिलेली आठ, दहा, बारा वर्षांची कुत्री घरी न्यायला सगळ्यात योग्य माणसं कोण असतील तर ती तुम्ही, असं माझं ठाम मत आहे. आणि नेमकं तुम्हालाच "या वयात कशाला" म्हणून नाही म्हटलं जातं, घरातून पण आणि शेल्टरमधून पण. हे बदलता येईल आणि त्याला लागणारी गोष्ट एकच आहे, अडॉप्शनच्या, म्हणजे दत्तक घ्यायच्या, फॉर्मवर अर्जदाराच्या सहीखाली दुसरी एक सही. ती सही संघाची असावी एवढंच मागायला हे पत्र लिहितेय. पण नुसतं मागून कसं चालेल, सगळं नीट सांगते, थोडं लांबेल, वाचा प्लीज.

मी पुण्यात एका शेल्टरमध्ये सुट्टीच्या दिवशी कामाला जाते. पिंजरे धुणं, गोचिड काढणं, गोळ्या भरवणं, अडॉप्शनला आलेल्या लोकांना कुत्री दाखवणं, जे समोर येईल ते. येणारी माणसं मनाने चांगलीच असतात पण पाय आपोआप पिल्लांकडे वळतात, आणि पिल्लांच्या खोलीकडे जायच्या वाटेवरच म्हाताऱ्यांची रांग आहे. त्यात एक लॅब (लॅब्राडोर) आहे, तोंड अख्खं पांढरं झालंय, डोळ्यांवर निळसर झाक, कुणाची चाहूल लागली की हा उठायला लागतो. उठतो म्हणजे कसं, आधी पुढचे दोन पाय ताठ करतो, मग मागचं धड वर ओढतो, ओल्या फरशीवर मागचे पाय फाकतात, परत बसतो, परत जोर लावतो, आणि तो उभा राहून शेपूट हलवेपर्यंत माणसं पुढे गेलेली असतात. त्याला "बस" कळतं, "शेकहँड" म्हटलं की पंजा देतो, "चल खाली" म्हटलं की दाराकडे बघतो. म्हणजे हा कुणाच्या तरी घरात वाढलाय, कुणीतरी त्याला रोज लिफ्टने खाली नेत होतं.

हे सगळे रस्त्यावरच म्हातारे झाले असं समजू नका. काही जण आयुष्यभर सोफ्यावर झोपलेले असतात आणि मग मालक गेले, मुलं परदेशात, फ्लॅट विकायचा, कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न तेराव्यानंतर निघतो आणि आठवड्याभरात कुत्रं शेल्टरच्या दारात. काही ब्रीडरकडच्या आया असतात, विकायची पिल्लं देऊन देऊन दमल्यावर सोडून दिलेल्या, स्तन लोंबलेले, दात खराब, त्यांना घर म्हणजे काय हेच माहीत नसतं. काही फॅशनचे बळी, जाहिरातीत पग दिसला की पग, इन्स्टावर हस्की दिसला की पुण्या-मुंबईच्या उकाड्यात बर्फाळ प्रदेशातला हस्की, आणि त्याचं वय झालं, औषधं सुरू झाली की "आम्हाला शिफ्ट व्हायचंय". आणि काही आपली देशी, गाडीखाली येऊन आलेली, बरी झाली पण तीन पायांवर, परत रस्त्यावर सोडणं शक्य नाही म्हणून तिथेच राहिलेली.

कुत्रं असं टाकून देणं हा गुन्हा आहे बरं का. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तसं लिहिलंय, फक्त पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपये! १९६० साली ती रक्कम मोठी असेल, आज तिने कोण थांबणार. म्हणून कायद्याच्या भरवशावर राहून ही रांग कमी होणार नाही, घरं मिळाली तरच होईल.

आता तुमच्याकडे का आले ते सांगते.

पिल्लू हे तरुण घराचं काम आहे. दर दोन-तीन तासांनी शू, रात्री रडणं, चपला-चार्जर-सोफा सगळं चावणं, आणि वर्षाचं झालं की लॅबसारखं कुत्रं २५ किलोचं होऊन रस्त्यात असा काही हिसका देतं की माणूस खाली. परदेशातली मुलं आईबाबांना एकटं वाटू नये म्हणून प्रेमाने गोल्डन रिट्रिव्हर किंवा लॅबचं पिल्लू घेऊन देतात आणि वर्षभरात आईचं मनगट फ्रॅक्चर आणि कुत्रं शेल्टरला, हे आम्ही बघितलंय. भावना चांगली होती, प्राणी चुकीच्या वयाचा होता.

म्हाताऱ्या कुत्र्याचा दिवस कसा असतो सांगू? सकाळी १५-२० मिनिटं हळूहळू चालणं, खाणं, झोप, दुपारी कूस बदलून परत झोप, संध्याकाळी परत थोडं चालणं, बागेत बाकाशेजारी बसून येणारे-जाणारे बघणं, आणि रात्री पायाशी. शी-शू कुठे करायची हे बहुतेकांना माहीत असतं. स्वभाव कसा आहे ते समोर दिसतं, पिल्लासारखं "मोठं झाल्यावर कसं निघेल" हा प्रश्नच नाही. हे वेळापत्रक मी शेल्टरमध्ये बघते तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तुमचीच घरं येतात, जिथे सकाळची वेळ ठरलेली असते, जेवण वेळेवर असतं, आणि दिवसभर घरात कुणीतरी असतं. तरुण जोडप्यांचं घर सकाळी नऊला बंद होतं ते रात्री आठला उघडतं, तिथे म्हातारं कुत्रं एकटं पडतं.

कुठल्या वयाला म्हातारं म्हणायचं हे जातीवर आहे. ग्रेट डेनसारखं धिप्पाड कुत्रं सहा-सातव्या वर्षीच म्हातारं, लॅब आठच्या आसपास, पॉमेरेनियन वगैरे छोटी दहा-अकराला, आणि आपलं देशी नीट जपलं तर चौदा-पंधरा वर्षंही जगतं. ते "एक वर्ष म्हणजे माणसाची सात" हे गणित सोडून द्या. म्हणजे नऊ वर्षांचं देशी कुत्रं आणलंत तर सोबत चार-पाच वर्षांची असू शकते.

माझ्या ओळखीतल्या एका काकूंचं सांगते, काका गेल्यावर दोन वर्षं त्या घराबाहेर जवळजवळ पडत नव्हत्या. त्यांनी अकरा वर्षांची आंधळी पॉमेरेनियन घेतली, म्हणजे भाचीने आग्रह केला आणि शेल्टरने भाचीच्या सहीवर दिली. पहिले काही दिवस ती भिंतीला धरून चालायची, कोपऱ्यात अडकली की तिथेच उभी राहायची. काकूंनी काय केलं, फर्निचर आहे तिथेच ठेवायचं ठरवलं, पाण्याच्या भांड्याखाली पायपुसणं टाकलं म्हणजे पायाला कळतं की पाणी आलं, आणि स्वतःच्या पायात चाळ नाही पण एक पातळ पैंजण घातलं, काका असताना कधी घातलं नव्हतं म्हणतात. आता त्या ओट्यापाशी गेल्या की ती ओट्यापाशी, त्या देवघरात गेल्या की ती उंबऱ्याबाहेर बसलेली. आणि मुख्य म्हणजे काकू दिवसातून दोनदा खाली उतरतात, बिल्डिंगमधली शेंबडी पोरं त्यांना नावाने हाक मारतात. यात जादू काही नाही, कुणीतरी आपली वाट बघतंय म्हटल्यावर माणूस उठतो.

आता शेल्टरवाले नाही का म्हणतात तेही खरं सांगायला हवं, कारण ते दुष्ट नाहीत. साठ-पासष्टच्या पुढचा अर्ज आला की कित्येक ठिकाणी विचारलं जातं, "तुमच्यानंतर कोण?" हा प्रश्न तोंडावर ऐकून उठून गेलेले आजोबा मी बघितलेत, फार वाईट वाटतं. पण शेल्टरची भीती खोटी नाही, म्हाताऱ्या कुत्र्याला एकदा घर सुटल्याचा धक्का बसलेला असतो, दोनदा बसला तर खाणंच सोडतात. मग उपाय काय, अर्जदाराला नाकारणं हा नाही. उपाय म्हणजे "तुमच्यानंतर कोण" या प्रश्नाचं उत्तर फॉर्मवरच तयार असणं. आणि एकट्या राहणाऱ्या माणसाकडे हे उत्तर बहुतेक वेळा नसतं, मुलगा ऑस्ट्रेलियात, पुतण्या बंगळुरूला. पण संघाकडे आहे! शंभर-दीडशे सभासद, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर, एकमेकांची घरं माहीत, बीपीच्या गोळ्यांची नावंसुद्धा माहीत.

माझी कल्पना साधी आहे. ज्या सभासदाला म्हातारं कुत्रं घ्यायचंय त्याच्या फॉर्मवर संघातल्याच दुसऱ्या एका घराने सही करायची, की यांना हॉस्पिटलमध्ये जावं लागलं, मुलाकडे तीन महिने जायचं झालं, किंवा जे कुणालाच टळलेलं नाही ते झालं, तर कुत्रं आमच्याकडे येईल. त्या घराने आधीपासूनच आठवड्यातून एकदा कुत्र्याला भेटायचं, म्हणजे वेळ आली की ते परक्याकडे जात नाही. एक किल्ली त्यांच्याकडे. फ्रिजवर एक कागद, त्यात कुत्र्याचं नाव, वय, कोणती गोळी किती वाजता, व्हेटचा (प्राण्यांच्या डॉक्टरांचा) नंबर, दुसऱ्या घराचा नंबर, आणि तोच कागद फोटो काढून संघाच्या ग्रुपवर. आणि संघाच्या लेटरहेडवर शेल्टरला दोन ओळी, की आम्ही लक्ष ठेवू. एवढं झालं तर बहुतेक शेल्टरवाले नाही म्हणणार नाहीत असं मला मनापासून वाटतं, आणि जे म्हणतील त्यांच्याशी भांडायला मी येईन.

हे काही जगावेगळं नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला मटविल नावाची संस्था २००७ पासून फक्त सात वर्षांच्या वरच्या कुत्र्यांसाठीच काम करते, आणि ज्येष्ठ माणसांनी ज्येष्ठ कुत्री घ्यावीत म्हणून त्यांचा वेगळा कार्यक्रमच आहे. आपल्याकडे तर संघांचं इतकं मोठं जाळं आहे, गल्लोगल्ली विरंगुळा केंद्रं आहेत, आपल्याला का जमू नये?

ज्यांना एकदम कायमचं घ्यायला धीर होत नाही त्यांनी फॉस्टरिंगपासून सुरुवात करा. म्हणजे कुत्रं शेल्टरच्याच नावावर राहतं, घर तुमचं, औषधपाणी साधारणपणे शेल्टर बघतं (आधी विचारून घ्या, प्रत्येकाची पद्धत वेगळी), नाही जमलं तर परत देता येतं. पुष्कळ लोक मग परत देतच नाहीत.

आता काळजीच्या गोष्टी, कारण गोड गोड सांगून कुत्रं गळ्यात मारायचं नाहीये. तुमच्या घराला आणि गुडघ्यांना झेपेल असंच निवडा. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर ३० किलोचा लॅब नेऊ नका, त्याचे मागचे पाय गेले की त्याला उचलणार कोण. दहा-पंधरा किलोचं देशी किंवा छोटं कुत्रं बघा. गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय घसरतात, जिथे ते उठतं-बसतं तिथे जाड सतरंजी किंवा रबरी मॅट टाका. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा चालू ठेवा, अंधारात पायात कुत्रं आलं आणि माणूस पडला असं व्हायला नको. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) बरा. आणि ज्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत किंवा केमोथेरपी वगैरे सुरू आहे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, साधा ओरखडासुद्धा त्रास देऊ शकतो.

घेतानाच शेल्टरकडून रक्ताची तपासणी मागा, किडनी आणि लिव्हर कसं आहे ते कळतं, आणि आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा टिक फीवर इतका कॉमन आहे की तो बघायलाच हवा. दात बघा, तोंडाला घाण वास येत असेल तर ते म्हातारपण नसतं, बहुतेक वेळा हिरड्यांचं दुखणं असतं आणि दुखतं म्हणून ते खात नसतं. मादीचं ऑपरेशन झालंय का विचारा, नसेल तर उतारवयात गर्भाशयात पू होण्याची भीती असते, ते जीवघेणं आहे. डोळ्यातली निळसर झाक दिसली की लगेच मोतीबिंदू म्हणू नका, वयाने डोळ्यातलं भिंग दाट होतं त्याचीही तशीच झाक असते आणि त्यात बऱ्यापैकी दिसतं, व्हेट टॉर्च मारून सांगतो. रेबीजची लस दर वर्षी, आणि महापालिकेचं लायसन्स काढून घ्या.

एक गोष्ट हात जोडून सांगते. कुत्रं लंगडतंय म्हणून आपल्या डब्यातली दुखण्याची गोळी त्याला देऊ नका. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, क्रोसिन, डायक्लोफेनॅक, काहीच नाही. आपण घेतो ते त्यांच्या किडनीला, पोटाला, लिव्हरला झेपत नाही, मरतात. सांधेदुखीसाठी व्हेटकडे वेगळी औषधं असतात आणि त्यांनी खरंच फरक पडतो. तसंच मनुके-द्राक्षं, कांदा, चॉकलेट नाही. आणि हात लावल्यावर अंग गरम लागलं म्हणून घाबरू नका, कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचरच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

खर्च आहे, नाही कसा. पिल्लाच्या लसी नसतील पण म्हाताऱ्याची औषधं असतात. पेन्शनवर हे सगळ्यांना जमेल असं नाही, आणि इथेही संघ काहीतरी करू शकतो, एखाद्या व्हेटशी बोलून महिन्यातून एक दिवस विरंगुळा केंद्रात तपासणी ठेवता येईल, तुमची शुगर तपासायची शिबिरं होतातच की.

सोसायटीचं एक बोलायलाच हवं, कारण तुमच्यातलेच कितीतरी जण सोसायट्यांच्या कमिटीवर आहेत. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्स स्पष्ट आहेत, सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला चार मजले जिन्याने उतरवायला लावणं म्हणजे त्याचे हाल करणं आहे. ज्या कमिटीत तुम्ही बसता तिथे असा ठराव कुणी मांडला तर कृपा करून तुम्ही विरोधात बोला. कुत्र्याने पळवलेली पोळी त्याने कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन मागे धावणारे नामदेव महाराज आपल्याच कीर्तनात असतात, दत्ताच्या फोटोत पायाशी चार कुत्री असतात, मग जिवंत कुत्र्याला लिफ्टमध्ये दोन मिनिटं जागा देणं अवघड का वाटावं?

आणखी एक कारण आहे की हे पत्र मी आत्ता लिहितेय. सुप्रीम कोर्टाने ७ नोव्हेंबर २०२५ ला सांगितलं की शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स इथल्या आवारातली भटकी कुत्री उचलून नसबंदी आणि लस देऊन शेल्टरमध्ये ठेवायची, परत तिथे सोडायची नाहीत. त्या आदेशावर मतं काहीही असोत, लहान मुलांना कुत्री चावतात हेही खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण त्या आवारांमध्ये अशीही कुत्री आहेत जी तिथेच दहा वर्षं राहिली, वॉचमनच्या खुर्चीखाली झोपली, कँटीनच्या पोरांनी खाऊ घातलं, कुणावर कधी धावून गेली नाहीत. ती आता पिंजऱ्यात जाणार आणि तिथे तरण्याताठ्या कुत्र्यांमध्ये त्यांचा निभाव लागणार नाही, ताटलीपर्यंतच पोचत नाहीत. माणसात राहायची सवय असलेली, शांत, वयस्कर, तुमच्या घरासाठी यापेक्षा चांगली कुत्री कुठून आणणार. त्याआधी २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात कोर्टाने हेही म्हटलंय की ज्यांना रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायचीत त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, फक्त ती परत रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी घ्यायची. म्हणजे दार उघडं आहे.

२६/११ च्या वेळी मुंबईत काम केलेले पोलिसांचे श्वान मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर तुम्हाला आठवत असतील. रिटायर झाल्यावर त्यांना विरारच्या एका फार्मवर ठेवलं होतं आणि २०१६ या एकाच वर्षात चौघे एकामागोमाग गेले. पेपरात बातम्या आल्या, लोक हळहळले. त्यांची शेवटची वर्षं चांगली गेली कारण कुणीतरी ती जबाबदारी घेतली. शेल्टरमधल्या म्हाताऱ्यांना नाव नाही, पदक नाही, पण म्हातारपण तेच आहे, तेच दुखरे सांधे.

"जीव लावायचा आणि दोन वर्षांत ते जाणार, मग परत रडायचं" असं तुमच्यातले खूप जण म्हणतात. जाणार, हो. काही वेळा दोन वर्षं नाही, सहा महिनेच मिळतात. पण खरं सांगू, ही गोष्ट पेलायची ताकद तुमच्याएवढी कुणाकडे नाही. तरुण माणसं म्हाताऱ्या कुत्र्याकडे बघतात तेव्हा त्यांना आधी मरण दिसतं आणि ती घाबरून पुढे जातात. तुम्ही आईवडील, जोडीदार, मित्र पोचवून आलेली माणसं आहात, शेवटी कुणाच्या उशाशी बसायचं म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. आणि त्यानंतरच्या व्यवस्थाही आता होऊ लागल्यात, मुंबईत महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी दहनाची सोय सुरू केली, बाकी शहरांतही मागणी करायला हवी.

ज्यांना घरी आणणं शक्यच नाही, घर लहान आहे, तब्येत नाही, सुनेला आवडत नाही, त्यांनाही काम आहे. शेल्टरमध्ये गोधड्या लागतात, खूप लागतात. कडक फरशीवर झोपून झोपून म्हाताऱ्या कुत्र्यांच्या कोपरांना घट्टे पडतात, मग ते फुटतात, मग जखम चिघळते. जुन्या सुती साड्यांची चार पदरी गोधडी टाकली की ते थांबतं. संघातल्या बायकांचा हात यात बसलेला आहे, एका दुपारी किती होतील याची कल्पना तुम्हालाच. आणि सहल काढता तशी एक सकाळ शेल्टरला या, खुर्च्या मांडून देतो, एकेक म्हातारं कुत्रं घेऊन बसा, ब्रश फिरवा, नाव घेऊन बोला. एवढं झालं तरी त्या दिवशी सगळी पोटभर जेवतात.

तर पुढच्या मासिक सभेत वाढदिवस आणि सहलीनंतर हा विषय घ्या. आधी फक्त हात वर करून विचारा, कुत्रं कुणाला हवंय, आणि दुसरी सही करायला कोण तयार आहे. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, तिथे दोन हात जरी वर आले तरी मला कळवा, मी शेल्टरचा फॉर्म घेऊन तुमच्या हॉलवर येते आणि तिथेच बसून भरू.

तुमची,
पुण्यातली एक शेल्टर स्वयंसेविका